चहात कुस्करलेली बाजरी

मयुरी मैदानावर चक्कर येऊन पडली आणि तिच्या आईची, दिपमालाची, बाजाराची वेळ बदलली. धुळ्याच्या देवपुरात दोन खोल्यांत संसार करणारी ही बाई आता बाजार उठता उठता जाऊ लागली. माल परत न्यायचा नसतो, त्या घाईत मेथी, चवळी, अंबाडी स्वस्तात सुटे. मुळ्याचा पाला तर फुकटच.

"गाय पाळली का वहिनी?" भाजीवाला छगन विचारी.

"हो. कबड्डी खेळते," असे म्हणून ती पिशवी पुढे करी.

आठवीतल्या मयुरीची शाळेच्या संघात निवड झाली होती आणि संघ जळगावला स्पर्धेला जाणार होता. तपासणीत मात्र तिचे रक्त फारच कमी निघाले. "निघण्याआधी पुन्हा तपासू. पुरेसे वाढले नाही, तर खेळायची परवानगी मी देणार नाही," असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. लोहाच्या गोळ्या दिल्या. खजूर, डाळिंबे सुचवली. कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या प्रेमराजने लेकीसाठी एक डाळिंब आणलेही. वाटीत ते दाणे फार देखणे दिसले. पण या घरी डाळिंब पाहुण्यासारखेच यायचे, हे दिपमालाने ओळखले.

मग तिने चुलीशी झुंज मांडली. मुगा-मटकीला मोड आणले, माळ्यावरची लोखंडी कढई घासून काढली, गव्हाऐवजी बाजरी दळली, ताटात लिंबाची फोड ठेवली. भाजीवरची तेलाची तर्री गेली तसा प्रेमराज कुरकुरला, "ही भाजी शे का दवाखाना?" तिने त्याच्या भाजीवर लिंबू पिळले. येता-जाता लेकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहण्याचा तिला चाळाच लागला. कधी तिथे लाली दिसे, कधी तो उजेडाचा भास वाटे.

मधल्या तपासणीत रक्त जवळजवळ तेवढेच निघाले.

"सकाळी काय खाते?" सिस्टरने विचारले.

"बाजरीची भाकरी," दिपमाला ठामपणे म्हणाली.

"कशाशी?"

"चहात कुस्करून. अक्काबरोबर," मयुरी म्हणाली. "गोळीपण चहानेच घेते."

जेवणासोबत चहा घेतला की अन्नातले लोह अंगी फारसे लागत नाही, हे सिस्टरने समजावून सांगितले. दिपमालाचे कान तापले. घासाघासाचा विचार तिने केला होता. चहाचा विचार करायचा असतो, हेच तिला ठाऊक नव्हते. माहेरी, सासरी, सगळ्यांची सकाळ चहा-भाकरीनेच उजाडत आलेली.

आणि चहा-भाकरीचा तो वाडगा सुंदरबाईंचा, म्हणजे तिच्या सासूचा होता. घरात त्यांना सगळेच अक्का म्हणत. दोन घास स्वतःला, दोन नातीला, असा त्यांचा रोजचा क्रम.

"अक्का, उद्यापासून मयुरीला चहा नको."

"आते चहाबी इख व्हयना का?" चहाला विष ठरवलेले ऐकून अक्का उसळल्या. "आम्ही बठ्ठा चहा-भाकरवरच मोठा व्हयनूत. पोरले उपाशी ठेवशी का?"

दुसऱ्या दिवसापासून अक्का आपली कपबशी घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागल्या. मयुरी आत मुगाच्या कढणात भाकरी कुस्करी आणि नाक दाराकडे ठेवी. दिपमाला दोघींच्या मध्ये घुटमळत राही. अक्का आतून रागावल्या आहेत, की आपण बाजाराला गेल्यावर पोरीला चोरून घोटभर देत आहेत, याचा तिला अंदाज येईना. विचारण्याचा धीरही होईना.

शेवटच्या तपासणीत रक्त वाढलेले दिसले, पण पुरेसे नव्हते. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. सकाळी संघाची बस मयुरीला न घेताच जळगावला गेली.

संध्याकाळी अक्कांचा चहा उकळला, तशी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली मयुरी उठली. "अक्का, आता तरी दे. आता काय फरक पडतो?"

दिपमालाचे परातीतले हात थांबले. आज 'नाही' म्हणण्याचे बळ तिच्यात नव्हते.

अक्कांनी चहा गाळला. आपला कप भरला, उरलेला मोरीत ओतला आणि भांडे विसळून पालथे घातले.

"पुढला साल खेळनं शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग कढण पी."

मयुरी हुंदका देत कढणाच्या वाडग्याकडे वळली. दिपमालाने पापणी पाहायला हात पुढे केला. लेकीने तो झटकला. दिपमाला उठली, पिशवी शोधू लागली. बाजार उठायची वेळ झाली होती.