काचेलगतची सरकी

आमच्या मारेगावकडच्या, घरामागच्या वावरात कपाशी टोबायला दरवर्षी त्याच मावशी येतात. ओटीत सरकी, गालात तंबाखू, आणि प्रत्येक बी पुरताना पुटपुटणं, "नीघ रे बाप्पा." घाई केलेली त्यांना खपत नाही.

यंदा आठवडा झाला तरी दोन ओळी उगवल्याच नाहीत. बियाणं बोगस निघालं, या धास्तीनं मला घास जाईना. मावशी परत टोबायला आल्या त्या सकाळी माझी पाच वर्षांची पोरगी त्याच ओळींत सापडली. पुरलेली सरकी ती रोज उकरून बघत होती. जीव भांड्यात पडला, तरी माझा हात उगारला गेलाच.

"कायले मारता भाऊ? पाहूनच तं राह्यली ते," मावशी मध्ये आल्या. आधी त्यांनी तिचे हात धुतले. मग लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागवून तिच्यात माती भरली, काचेला लागून एक सरकी ठेवली. "उकरू नको माय. आता इथून पाह्य."

चौथ्या दिवशी, कामावर जाता जाता, पोरगी उठण्याआधीच मावशी बरणीपुढं उकिडव्या बसल्या होत्या.

"जलमभर सरकी टोबली," त्या नजर न हलवता म्हणाल्या, "पन हिचं मूळ खाली जाताना आजच पाह्यलं."