वाऱ्याला शेक

१९ मे १९६८, रविवार, सकाळचे सव्वासहा. लोणावळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत तो दिवस खिडक्या बंद होण्याच्या आवाजाने सुरू झाला.

पत्नीला तेव्हा बत्तिसावे वर्ष होते. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस असे नाव दिले. औषध दिले नाही. मज्जातंतूंवरचे आवरण झिजते, एवढे मला समजले. त्यांनी विश्रांती सांगितली. सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर तिला मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागू लागली. तुंगार्लीच्या एका निवृत्त डॉक्टरांनी उलटे सांगितले: रोज दम लागेपर्यंत व्यायाम, मात्र अंग तापू द्यायचे नाही. मी माझ्या सायकलचे मागचे चाक लाकडी घोडीवर उचलून ती पडवीत उभी केली. सकाळच्या गारव्यात पत्नी पेडल मारी. तीन आठवड्यांत दोन मिनिटांची अकरा मिनिटे झाली. त्या अकरा मिनिटांखेरीज आमच्यापाशी काही नव्हते.

आदल्या दिवशी औंढ्याहून तिची मावशी आली होती. तिच्या बोलीत या आजाराला एकच नाव होते: अंगावरून वारं गेलं. आणि वारं गेलेल्या माणसाला वारा लागू द्यायचा नसतो.

“जावईबापू, असल्या अंगाला तुमी उघड्या पडवीत सायकल मारायला लावताय? बायको हाय का सर्कस?”

“डॉक्टरांनी सांगितले आहे, मावशी.”

“सांगत्यात. त्यांच्या अंगावरनं कुटं गेलंय?”

पत्नी हसली. मी हसलो नाही; तडजोड केली. सायकल चालेल, पण आत, खिडक्या लावून. त्याआधी निर्गुडीच्या कढत पाण्याची अंघोळ आणि पायांना तापल्या विटेचा शेक. दोन उपाय एकत्र केले तर दुप्पट गुण येईल, असा माझा हिशेब होता. चूक मावशीची नव्हे, माझी. डॉक्टरांची अट मी ऐकली होती आणि किरकोळ मानली होती.

त्या रविवारी सकाळी चौथ्या मिनिटाला पेडल थांबले.

“अहो, तुम्ही दोन दिसताय.”

मी तिचे खांदे धरले.

“एकच पुष्कळ होता,” ती म्हणाली आणि उजवीकडे कलंडली.

तिला पडवीत नेऊन निजवले. पाय उचलताना लाकूड उचलल्यासारखे वाटले. माठाचे पाणी अंगावर ओतले, ओली चादर घातली. मावशीला तिच्याजवळ बसवले, सायकल घोडीवरून उतरवली आणि तीच घेऊन तुंगार्ली गाठली.

“उष्णतेने होते असे,” डॉक्टर म्हणाले. “गार ठेवा. बहुधा उतरेल.”

परतीच्या वाटेवर माझ्याजवळ तो एक ‘बहुधा’ होता.

दुपारी चारपर्यंत तिला मी एकच दिसू लागलो. डावा पाय हलू लागला. उजव्या पायाची बोटे हलली नाहीत.

“उद्या किती मिनिटं?” तिने विचारले.

“उद्या पाहू.”

आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही. तिला ते ठाऊक होते. तिने तोंड भिंतीकडे केले.

दिवस कलताना दरीकडून वारा सुटला. मावशी सवयीने उठली आणि खिडकी लावू लागली. मी पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. तरीही तिन्ही खिडक्यांची दारे मी बिजागऱ्यांपासून सोडवली आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.