बुधवारचं पान, गुरुवारचं पान

उमरग्याच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. पिठाची गिरणी मध्येच बंद करून ते आले होते. "जाते म्हणू नकोस, येते म्हण," आई म्हणाली. मी येते म्हटलं. बाबांनी बॅग चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, पोरगी ऑस्ट्रेलियाला चालली आहे, खिडकीजवळ बसवा.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी इतिहास घेतला तेव्हाही, त्यातून काय मिळणार, असं दोघांनी विचारलं नाही. त्याच इतिहासावर आज मी मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात राहते आणि शहरातल्या एका युनिव्हर्सिटीत ट्युटोरियल घेते. विषय मध्ययुगातल्या ज्यूंचा. कधी मुसलमान सुलतानाच्या, कधी ख्रिस्ती राजाच्या राज्यात राहून त्यांनी आपली रीत कशी सांभाळली, हे मी शिकवते.

त्यांचे महिने चंद्रावर चालत. पूर्वी जेरुसलेमकडे चंद्रकोर दिसली, की निरोपे निघत. लांबच्या गावांना निरोप वेळेत पोचत नसे, म्हणून तिथे सण दोन दिवस पाळत. पुढे पंचांगाचं गणित सगळीकडे पोचलं, शंका उरली नाही, तरी दुसरा दिवस राहिला. माझ्या वर्गातला एक मुलगा दर वेळी विचारतो, मग सोडून का नाही दिला? मी सांगते, वाडवडिलांची रीत म्हणून.

गेल्या वर्षी बाबा गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. यंदा वर्षश्राद्ध चुलतभाऊ सुरेश करणार होता, मी इथे त्यांच्या नावाने पान वाढणार होते. आईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहून बुधवार सांगितला. मीही बुधवारच धरला. पाडवा, चतुर्थी, सगळं मी इतकी वर्षं आईच्या कॅलेंडरवरच करत आले होते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला राहणारी माझी मैत्रीण मुग्धा डॉक्टर आहे, पण पंचांगात पक्की. ती म्हणाली, "अगं, आपली दुपार त्यांच्या दुपारच्या कितीतरी आधी येते. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात, आणि बुधवारी दुपारी इथे ती लागलेलीच नसेल. इथला दिवस गुरुवार. तू राहतेस कुठे, उमरग्यात?"

प्रश्न चेष्टेतला होता. पण त्याच आठवड्यात मी वर्गात शिकवत होते, की एका गावचा माणूस दुसऱ्या गावी गेला तर त्याने कुठली रीत पाळायची. स्पेन सोडून इजिप्तमध्ये स्थिरावलेल्या एका विद्वान वैद्याने याबद्दल लिहून ठेवलं आहे. परत जायचं मनात असेल, तर आपल्या गावची. नसेल, तर राहतो त्या गावची. तोवर मी हा नियम परीक्षेपुरता समजावत होते.

मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली होती आणि आईला हे माहीत होतं. मी परत येणार नाही, हे मात्र मी सांगितलं नव्हतं. तिने गिरणीला कुलूप लावून ठेवलं होतं. लेक आल्यावर बघू, असं ती सगळ्यांना सांगायची.

इथल्या तिथीने गुरुवार येतो, हे मी तिला फोनवर सांगितलं.

"म्हणजे तू आता तिथलीच."

"हो, आई."

"मग गुरुवारीच वाढ. तुझे बाबा इथे बुधवारी जेवतील, तुझ्याकडे गुरुवारी. गिरणीपायी जन्मात वेळेवर जेवले नाहीत. आता दोन दिवस जेवू देत." मग म्हणाली, गिरणी सुरेशला चालवायला देते, बंद राहून गंजायला लागली आहे.

तो वैद्य पुन्हा स्पेनला गेला नाही. इजिप्तमध्ये राहिला, तिथल्या दरबारात रोगी तपासले, आणि स्वतःचं नाव लिहिताना शेवटपर्यंत 'स्पेनचा' असं लावत राहिला. मलाही कुणी गाव विचारलं तर मी उमरगा सांगते. इथल्यांना ते नकाशावर दाखवावं लागतं.

गुरुवारी युनीतून लवकर आले. भाकरी, शेंगांची चटणी आणि गव्हाची खीर केली. ज्वारीचं पीठ इंडियन शॉपमधलं, पाकिटातलं, जुनं. भाकरी थापताना चिरली. तशीच वाढली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवले का बाबा?"

"जेवले," मी म्हटलं. "पिठाला नावं ठेवली."