गेनबाच्या गोठ्यातली बैठक

गेनबा भेटला की रामराम घालायच्या आधी तोंड उघडायचा, चेहरा तुमच्या नाकाजवळ आणायचा आणि म्हणायचा, "हुंगा." तुम्ही हुंगलंत की मग तो तुमचं हुंगायचा. एवढं झाल्यावर रामराम. पहिल्या भेटीत मी दोन पावलं मागं सरलो होतो. पुढं कितीतरी वर्षं दर रविवारी मी ते तोंड हुंगलं. कधी कांद्याचा वास यायचा, कधी तंबाखूचा. दारूचा एकदाच आला, ते सांगतोच.

तेव्हा मी पिंपरीच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि कासारवाडीला खोली घेऊन राहत होतो. दारूबंदीचा काळ. कायद्यानं कुणीच पीत नव्हतं, त्यामुळं हातभट्टीची कुठंही मिळायची. माझी बायको सुशीला वाईजवळ माहेरी निघून गेली होती. जाताना "सुटली की कळवा" एवढंच म्हणाली. फोरमननंही शेवटचं बजावलं होतं. कुणीतरी सांगितलं, चिखलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. एका रविवारी दुपारी चालत निघालो.

पिणंच गुन्हा, तर सोडणाऱ्यांचा पत्ता विचारायचा कसा? वेशीवर एका म्हाताऱ्याला हळूच म्हणालो, "ते दारूचं... कुठं बसतात?"

"आमच्या गावात कोणी पीत न्हाई," तो म्हणाला आणि हनुवटीनं ओढ्याकडं दाखवलं.

ओढ्याकाठी भट्टीच होती. मी भट्टीवाल्याला सांगितलं, "मला प्यायची नाही, सोडायची आहे." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग गेनबाच्या गोठ्यात जा. माझी तीन गिऱ्हाइकं तिकडंच गेली. त्यातलं एक तर तो सोताच." असा भट्टीवाल्यानं दाखवलेल्या वाटेनं मी बैठकीला पोचलो.

गोठ्यात दोन बैल, गेनबा, गावातला एक शिंपी आणि बीडकडून कामाला आलेला एक गवंडी. पोत्यांवर बसायचं, मडक्यातलं ताक प्यायचं आणि खरं बोलायचं. गेनबानं आपलं आधी सांगितलं. "म्या एकदा पिऊन आलो आन् ह्या बैलाला सासरा समजून पाया पडलो. बैलानं आशीर्वाद दिला न्हाई, तवा कळलं." आम्ही हसलो, तसा तो गंभीर होऊन म्हणाला, "माझा सासरा तवा मागं उभा व्हता."

त्याचा नियम एकच. "जल्मभराची आण घ्यायची न्हाई. जल्म लई लांब असतो. आठ दिसांची घ्या." आणि तल्लफ आली तर? "चालाया लागा. चालताना कोणी पीत न्हाई, सांडतं." मी रोज पाळी सुटली की नदीपर्यंत चालायचो. सांडायला काही नसायचं, तरी उपयोग व्हायचा.

दर रविवारी चार बाप्ये गोठ्यात शिरतात आणि डोळे पुसत बाहेर येतात, म्हणजे आत गुत्ताच असणार, असं गावानं ठरवलं. एक दिवस हवालदार काठी घेऊन आला. त्यानं मडक्यात बोट बुडवून चाखलं. ताक. गेनबा पुढं झाला, "हुंगा." हवालदारानं सरकारी काम म्हणून आम्हा चौघांची तोंडं ओळीनं हुंगली. मग रिवाजाप्रमाणं गेनबानं त्याचं हुंगलं. खात्रीसाठी पुन्हा एकदा हुंगलं. गेनबानं एक पोतं झटकून अंथरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बसा सायेब. पयल्या दिवशी बोलायची सक्ती नसती."

हवालदारानं काठी भिंतीला टेकवली. मग टोपी काढून बसला. पुढच्या रविवारी धोतर नेसून आला.

पुतण्याच्या लग्नानंतरच्या रविवारी मात्र गेनबा तोंड मिटून आला. दारात थांबला, तोंड उघडलं. हुंगायची गरजच नव्हती. आमचे चेहरे पाहून म्हणाला, "माझी पाच वर्सं वाया गेली म्हणू नका. ती माझीच हायेत. आता उद्यापास्नं आठ दिस." आणि सगळ्यांत मागं जाऊन बसला. त्या दिवशी बैठक हवालदारानं चालवली.

माझे सहा महिने कोरडे गेले. सुशीलाला तीन पत्रं लिहिली, आजवर लपवलेलं सगळं त्यांत कबूल केलं. उत्तर नाही. गेनबा म्हणाला, "मी जाऊन येतो," आणि गेला तो तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी दारात उभा, मागं सुशीला.

तिच्याकडून कळलं, हा ओसरीवर बसून राहिला, दोन्ही वेळा पोटभर जेवला आणि माझ्या सासूबाईंना माझे सगळे पराक्रम ऐकवले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "सुशे, तू जा बाई, म्हणजे हा उठेल."

"एवढं ऐकून आलीस कशी?" मी विचारलं.

"तुमच्या पत्रांवर विश्वास नव्हता. पण ह्यांनी सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं तंतोतंत जुळलं. दोघांना मिळून एवढं खोटं जमायचं नाही."

गेनबा तेव्हा पायरीवर बसून चहा पीत होता. बशी खाली ठेवत म्हणाला, "वैनी, फकस्त रविवारी दुपारी ह्यांना काम सांगू नका."

गेनबा जाऊन बरीच वर्षं झाली. रविवारी दुपारी सुशीला मला अजून काही काम सांगत नाही.