ट्रकवाल्याचे छापील आभार

आमच्या ह्यांना लॉन्ड्रीतली माणसं पाठीमागे ‘काळजीवाहू शेठ’ म्हणायची. बॉयलरची झडप बंद केली की नाही हे बघायला हे अर्ध्या रस्त्यातून परत यायचे, मग कुलूप ओढून बघायला पुन्हा परत. हा माणूस पुढे प्रवासवर्णनं लिहील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. लोक समुद्र बघतात. हे समुद्राकडे पाठ करून परतीची बस कधी आहे ते विचारत बसतात, आणि तेच लिहितात. वाचकांना ते भारी आवडतं, का ते देव जाणे.

ही भीती कुठून आली ते मला ठाऊक होतं. विशीतच ह्यांना आपला देश सोडावा लागला. जवळ कसलेही कागद नव्हते. सरहद्दीवरच्या गावातल्या एका ट्रकवाल्यानं ह्यांना भाजीच्या खोक्यांमागे, फळ्यांच्या आड निजवून इकडे आणलं आणि बदल्यात काही घेतलं नाही. इकडे हे इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत लागले. रक्ताचा डाग गार पाण्यात आणि तेलाचा गरम पाण्यात, ते हे हाताची सालटी काढून घेत शिकले. पुढे स्वतःची लॉन्ड्री झाली, माझ्याशी लग्न झालं, मुलगी झाली. जावयानं कारभार हातात घेतला तेव्हा ह्यांनी मागचं गोदाम रिकामं करून तिथं घर काढलं, नव्यानं येणाऱ्या परक्या माणसांसाठी. खाट, अंघोळीला गरम पाणी, धुतलेले कपडे, दोन वेळचं जेवण. नियम एकच, कोण कुठल्या वाटेनं आलं हे कुणी विचारायचं नाही. एकदा स्वयंपाकिणीनं बोलता बोलता कुणाला तरी विचारलं, तर हे तिच्यावर असे कडाडले की ती बिचारी रडकुंडीला आली.

पुस्तकांत मात्र ह्यांचा खाक्या बरोबर उलटा. वाटेत कुणी चांगलं वागलं की त्याचे आभार मानायचे, तेही पत्त्यासकट. अमक्या चौकातून डावीकडे, तमक्या दुकानाशेजारचा जिना. हेतू हा, की वाचणाऱ्यानं तिथं जावं आणि ह्यांचाही नमस्कार सांगावा. लोक खरोखर जायचे. एका विधवा बाईची बंद पडत आलेली खाणावळ त्यामुळे पुन्हा चालायला लागली. झालं, हे हुरळून गेले.

शेवटच्या पुस्तकासाठी हे त्या सरहद्दीच्या गावात जाऊन आले. ट्रकवाला थकला होता, पण होता. दोघं गळ्यात पडून रडले. परत आल्यावर ह्यांनी त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. मला दाखवलंही नाही, छापून आल्यावरच वाच म्हणाले.

पुस्तक घरी आलं तेव्हा मी चहा घेऊन वाचायला बसले. नाव ह्यांनी बदललं होतं, म्हणजे आपण काळजी घेतली असं ह्यांना वाटलं असणार. बाकी सगळं होतं. टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड, ट्रकमधल्या सरकत्या फळ्या, त्यांच्यामागे माणूस आडवा होईल एवढी जागा. आणि शेवटचं वाक्य, ‘हा भला माणूस आजही कुणाला नाही म्हणत नाही.’ मी पुस्तक घेऊन उठले.

“अहो, आजही म्हणजे?”

“आजही म्हणजे आजही. दादा अजून माणसं आणतात.”

“आणि ते तुम्ही छापलंत? शेडसकट?”

ह्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि ते पान उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची चाचपत खाली बसले. मला इतका संताप आला होता की काय सांगू! झडप दहादा बघणारा माणूस, आणि आयुष्यात एकदा भीती विसरला ती नेमकी इथं.

त्यानंतर आमच्या घरात कुणाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पुस्तकं केव्हाच दुकानांत गेली होती. हे दुकानादुकानांतून स्वतःचीच पुस्तकं उचलत सुटले. लेखकाला स्वतःच्या पुस्तकाची किती ही हौस, अशी एका दुकानदारानं थट्टासुद्धा केली. ट्रकवाल्याचा फोन लागत नव्हता. ह्यांनी जायला बॅग भरली. पण आपण तिथं गेलो आणि कुणी पाळतीवर असलं तर आणखी खात्री पटेल, म्हणून ती रिकामी केली. परत भरली. फोन वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो, आणि फोन जावयाचा निघायचा, साबणाची पिंपं आली म्हणून सांगायला.

थंडी ओसरत असताना एका दुपारी मागच्या घराच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. हातात कापडी पिशवी, अंगावरचा कोट दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. मी त्याला ओळखलं नाही. हे चादरीची घडी घालत होते, ती ह्यांच्या हातून सुटली.

“आलो रे बाबा तुझ्याकडे,” म्हातारा म्हणाला.

आम्ही त्याला जेवायला बसवलं. नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही, पण तोच सांगू लागला. “पोलिसांनी ट्रक नेला. शेड पाडली. मला आत टाकलं, मग म्हातारा म्हणून सोडलं. त्याचं काही नाही वहिनी, ते कधीतरी व्हायचंच होतं. पण आले ते सरळ फळ्यांपाशी गेले हो. ती जागा मला ठाऊक आणि भाच्याला. बहिणीमागं मीच वाढवला त्याला. पाया पडला, शपथा घेतल्या, मामा मी नाही सांगितलं म्हणून. मी दाराबाहेर काढला. आता गावात त्याला कुणी उभं करत नाही.”

खरं सांगते, गप्प बसावं असं माझ्या मनात येऊन गेलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. तो आमच्याकडे राहिला असता, आम्ही त्याचं सगळं केलं असतं, आणि त्याला कधीही कळलं नसतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“दादा, भाच्यानं नाही सांगितलं,” हे म्हणाले. “मी सांगितलं.”

“तू?”

“पुस्तकात छापलं. तुमचे आभार मानायचे होते.”

म्हाताऱ्यानं घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “वाच.”

ह्यांनी पुस्तक आणलं आणि सगळं प्रकरण वाचलं. एकही ओळ गाळली नाही. शेवटचं वाक्य वाचून झालं आणि हे मान खाली घालून उभे राहिले.

“चांगलं लिहिलंयस,” म्हातारा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यानंच मला जास्त रडू आलं. मग त्यानं पिशवीतून एका चिठोऱ्यावरचा नंबर काढला. ह्यांनी हात पुढे केला.

“तू नको. वहिनी, तुम्ही लावा. आणि ह्याला बाहेर थांबायला सांगा.”

स्वतः उभारलेल्या घरातून हे मुकाट्यानं अंगणात गेले. मी नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली, तेव्हा कुठं पलीकडून कुणीतरी बोललं. मी फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला.

“मी मामा बोलतोय,” तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. पलीकडूनही काही आवाज येत नव्हता. पण फोन कुणी ठेवला नाही.