काकूने धुतलेले माझे कपडे

काकू आज सकाळी गेली.
आणि तिचं पहिलं मूल माझ्यामुळे गेलं, असं मी लहानपणापासून मानत आले.

पन्नासच्या दशकाची सुरुवात असेल. वटार गावात आमची केळीची वाडी, एकत्र घर. मी सात वर्षांची होते आणि मला देवी आल्या.

आजच्या मुलांना देवी म्हणजे मंदिरातली. तेव्हा तो घराघरातून माणसं नेणारा रोग होता.

आईला सातवा महिना. तिला माझ्याजवळ यायची सक्त मनाई.
काकूला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर वण होते. एकदा आल्या की सहसा पुन्हा येत नाहीत. म्हणून माझं सगळं तिच्याकडे आलं.

काकू तेव्हा वीस वर्षांची. पदरात पाच महिन्यांचं बाळ.

मला मागच्या पडवीत ठेवलं होतं. फोड फुटायचे, कपडे अंगाला चिकटायचे. काकू कोमट पाण्याने भिजवून ते हळूहळू सोडवायची.

बावखलावर, म्हणजे आमच्या तळ्यावर, हे कपडे आणायचे नाहीत असं गावाने बजावलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

मग काकू विहिरीचं पाणी कळशीने वाडीच्या पार टोकाला न्यायची. तीन दगडांवर जुना हंडा. सोडा टाकून कपडे उकळायची, काठीने ढवळायची, कडक उन्हात वाळवायची.
रोज.

तोवर बाळ माझ्या आईकडे. डोक्यावरून आंघोळ करून, लुगडं बदलूनच काकू त्याला घ्यायची.

तरीही बाळाला देवी आल्या.
सहा दिवसांत ते गेलं.

त्याची झबली, दुपटी, सगळं जाळून टाकलं.

माझ्या खपल्या अजून पडत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पडवीत आली आणि माझे मळके कपडे गोळा करू लागली. आई दारात उभी राहून रडत होती. राहू दे, आज मी धुते, म्हणाली.

काकू म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही लांब राहा. एक गेलं. दुसरं नको."
आणि कळशी घेऊन निघाली.

माझा भाऊ सुखरूप जन्मला. मीही वाचले.

पण भेटायला आलेल्या एका बाईचं बोलणं माझ्या कानावर पडलं. पुतणीचे कपडे धुतले आणि घरात मरण आणलं, असं ती म्हणत होती.

त्यानंतर मी माझे कपडे कुणालाच धुवू दिले नाहीत. आईलाही नाही. सगळे कौतुक करायचे, पोर किती कामसू.
मला भीती वाटायची, एवढंच.

माझं लग्न ठरलं तेव्हा काकू माझ्या साड्यांना इस्त्री करत होती. कोळशाची इस्त्री. घरात आम्ही दोघीच. मी एकदम विचारलं, तुला माझा राग येत नाही का?

तिला आधी कळेचना. मग मी सगळं सांगितलं.

तिने इस्त्री बाजूला ठेवली.
"बाय, तुझ्या कपड्यांचं काय घेऊन बसलीस? एका दुपारी तो फार रडत होता. कुणाकडे राहीना. मी आंघोळ न करताच त्याला घेतलं. एकदाच."

थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या काकांनाही सांगितलं नाही मी."

मी तेव्हा वीस वर्षांची. तिने परत इस्त्री हातात घेतली आणि मी घड्या घालत बसले.

नंतर आयुष्यभर आम्ही भेटत राहिलो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मुलांना तेल लावून आंघोळ तिनेच घातली. नोकरी, संसार, रिटायरमेंट. तो विषय पुन्हा निघाला नाही. दर वेळी वाटायचं, आज बोलू.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिने मला ओळखलं नाही.

तिच्या मुलीला, सुमनला, हे आज पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, लिही. म्हणून लिहितेय.

काकू, तो रडत होता आणि तू त्याची आई होतीस.
त्याला उचलून घेतलंस, यात तुझा काही दोष नव्हता.

हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

सावकाश जा, काकू.