अभ्यासापुरतं

मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या वाचनालयातले ग्रंथपाल तंजावरी मराठी बोलत. मी पुस्तकातून उतरवून घेऊ लागलो की ते पाठीशी येऊन उभे राहत. "सार, पुस्तक वाचायास आहे, उतरायास नाही. कायदा आहे."

माझी खात्याची परीक्षा तोंडावर आलेली आणि ते पुस्तक बाजारात मिळेना. "स्वतःच्या अभ्यासापुरतं कायद्याला चालतं," मी वैतागून म्हणालो.

"तें कायद्यांत पाहतों," म्हणत त्यांनी माझी वहीच कपाटात कुलूपबंद केली. रोज विचारलं की तपकीर ओढून म्हणत, "पाहतों आहे, सार."

परीक्षेत नापास झालो, तेव्हा वही मिळाली. "तुमचें बरोबर होतें." पानोपानी उतरवताना झालेल्या माझ्या चुका त्यांनी लाल शाईनं सुधारल्या होत्या.

पुढल्या खेपेला त्याच वहीवर पास झालो. पेढे द्यायला मात्र गेलो नाही.